साप नव्या घरात रुळतो तेव्हा

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये वाढलेली नात व्हिडिओ कॉलवर मनगटाभोवती वेटोळे घातलेला साप कौतुकाने दाखवते आणि इकडे आजी-आजोबांच्या पोटात गोळा येतो. तिकडे साप पाळणे फारसे नवलाचे राहिलेले नाही. त्यातही ‘बॉल पायथन’ अनेकांची पहिली पसंती असतो. हा पश्चिम आफ्रिकेतला बिनविषारी अजगर साधारण चार-पाच फुटांपर्यंत वाढतो. आठवड्याभराने मात्र त्याच घरात काळजी सुरू होते. साप काही खात नाही, दिवसभर लपून बसतो. आजारी तर नसेल?

बहुतेक वेळा साप आजारी नसतो. तो बावरलेला असतो, किंवा त्याचे घर चुकीचे मांडलेले असते. कुत्रा भुंकून, मांजर ओरडून तक्रार करते. सापाजवळ तक्रार करण्याचा ठळक मार्ग एकच असतो, तो म्हणजे अन्न नाकारणे. म्हणून नवा साप जेवत नसेल, तर त्याच्या तोंडाशी पुन्हा पुन्हा भक्ष्य नेण्याआधी त्याचे घर तपासावे.

ऊब बाहेरून घ्यावी लागते

आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग शरीर गरम ठेवण्यात खर्च होतो. साप तसे करत नाही. तो आजूबाजूच्या वातावरणातून ऊब घेतो आणि तापले की सावलीत सरकतो. त्याचे पचन, हालचाल, रोगप्रतिकारशक्ती हे सारे या उबेवर चालते. पुरेशी ऊब नसेल तर गिळलेला उंदीर पोटात पचत नाही, कुजू लागतो आणि साप तो उलटून टाकतो. थंड पेटीतला साप अन्न नाकारतो, त्यामागे हे कारण असू शकते.

म्हणूनच सापाच्या पेटीत सगळीकडे एकच तापमान ठेवून चालत नाही. बॉल पायथनसाठी पेटीचे एक टोक साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, तर दुसरे २४ ते २७ अंश असावे लागते. कधी कुठे बसायचे ते साप ठरवतो. उष्णता देणाऱ्या दिव्याला किंवा चटईला थर्मोस्टॅट हवाच. तप्त पृष्ठभागापासून साप वेळीच दूर होईल याचा भरवसा नसतो आणि पोटाखालची कातडी भाजलेले साप पशुवैद्यांकडे नेहमी येतात. पेटी साप आणण्याच्या काही दिवस आधीच सुरू करावी आणि दोन्ही टोकांना तापमापक ठेवून आकडे स्थिर होतात का ते पाहावे. झाकणाची कडीही तेव्हाच तपासावी. डोके शिरेल एवढी फट मिळाली की सापाचे बाकीचे शरीर मागोमाग बाहेर पडते.

वारूळ एक नको, दोन हवीत

साप वारुळात राहतो, हे आपल्या मनातले चित्र बॉल पायथनला चपखल लागू पडते. घाना, टोगो, बेनिन या देशांच्या गवताळ मुलखात तो दिवस वाळवीच्या वारुळात किंवा उंदरांच्या बिळात काढतो आणि रात्री बाहेर पडतो. अंगाला भिंती टेकतील अशी अंधारी, अरुंद जागा त्याला सुरक्षित वाटते. दिवसभर लपून बसणे हे त्याच्या दुखण्याचे लक्षण नाही. तो त्याचा दिनक्रमच आहे.

नवखे मालक इथे एक चूक हमखास करतात. ते पेटीत एकच लपण ठेवतात, तेही थंड बाजूला. मग सापाला सुरक्षितता आणि ऊब यांतून एकाची निवड करावी लागते. भेदरलेला साप सुरक्षितता निवडतो, गारव्यात बसून राहतो, पचनाला लागणारी ऊब त्याला मिळत नाही आणि तो जेवत नाही. उबदार व थंड अशा दोन्ही टोकांना एकेक घट्ट लपण ठेवले, तर ही कोंडी सुटते. सोबत स्वच्छ पाण्याचे जड भांडे असावे आणि हवेत ५५ ते ७० टक्के आर्द्रता असावी. सुरुवातीला तळाशी साधा कागद अंथरावा. त्यावर विष्ठा आणि खवल्यांत लपणारे गोचिडीसारखे बारीक काळे किडे लगेच नजरेस पडतात.

पहिल्या आठवड्यात हात आवरा

नव्या सापाला किमान आठवडाभर हातात घेऊ नये. पाणी बदलावे, घाण काढावी, एवढेच. घरातल्या मुलांना हे जड जाते, कारण साप हातात अगदी शांत बसतो. पण या सापाचे ‘बॉल’ हे नावच त्याच्या भीतीवरून पडले आहे. धोका वाटला की तो डोके मधोमध लपवून अंगाचा चेंडू करतो. हातात गप्प पडलेला साप रुळलेला असेलच असे नाही. तो घाबरून गोठलेलाही असू शकतो.

आठवड्यानंतर पहिले भक्ष्य द्यावे. त्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून, लांब चिमट्याने संध्याकाळनंतर द्यावा. या सापाच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे गार उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही. जिवंत उंदीर सापालाच चावून गंभीर जखमा करू शकतो. साप जेवला तर पुढचे दोन दिवस त्याला हात लावू नये. नाही जेवला तर उंदीर काढून टाकावा आणि आठवड्याने पुन्हा द्यावा. रोज आग्रह केल्याने ताण वाढतो.

धडधाकट, मोठा बॉल पायथन काही महिने न जेवताही तग धरतो. त्यामुळे दिवस मोजण्यापेक्षा स्वयंपाकघरात न वापरलेल्या वेगळ्या काट्यावर त्याचे वजन पाहावे. वजन टिकून असेल तर धीर धरावा. पिल्लू जेवत नसेल आणि वजनही घटत असेल तर पशुवैद्याकडे न्यावे. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, श्वासाला घरघर, नाकातोंडाशी बुडबुडे ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणे आहेत. ती दिसली तर थांबू नये. डोळे दुधट निळसर झाले तर मात्र घाबरू नये. साप कात टाकणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती ओढून काढू नये. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावरचे पारदर्शक खवलेही कातीबरोबर निघते आणि ओढाताणीत डोळ्याला इजा होते.

घरातल्या माणसांसाठी

दिसायला निरोगी असलेल्या सापाच्या आतड्यातही साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. सापाला त्यांचा त्रास होत नाही, माणसाला मात्र जुलाब, ताप येतो आणि लहान मुलांत संसर्ग रक्तात पसरू शकतो. याच कारणावरून अमेरिकेने १९७५मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आणली. पाच वर्षांखालील मूल घरात असेल तर सरपटणारा प्राणी पाळू नये, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. ६५ वर्षांवरील आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्तींनाही धोका अधिक. सापाला किंवा त्याच्या पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याचे भांडे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नये. गोठवलेले उंदीर खाण्याच्या पदार्थांपासून दूर ठेवावेत. गोठवल्याने हे जिवाणू मरत नाहीत.

आपल्याकडचा कायदा

हे वाचून इथे कुणी नाग, धामण किंवा आपला अजगर पाळायचा विचार करत असेल, तर तो गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्यांना पकडायला आणि बाळगायला मनाई करतो. बॉल पायथन परदेशी असला तरी वन्यजीवांच्या व्यापारावरील ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची सरकारकडे नोंद करणे बंधनकारक आहे. सामानात लपवून आणलेले असे साप मुंबई विमानतळावर पकडले गेले आहेत. अशा प्रवासात पिशव्यांत कोंबलेल्या सापांचे हाल होतात.

जिथे परवानगी आहे, तिथेही निर्णय सावकाश घ्यावा. पाळलेला बॉल पायथन सहज २० ते ३० वर्षे जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२०मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचे वय किमान ६२ वर्षे असल्याचे सांगण्यात आले. शाळकरी मुलीने आणलेला साप ती शिक्षणासाठी घराबाहेर पडल्यावरही त्या पेटीत असणार आहे. त्याची ऊब, पाणी आणि उंदीर तेव्हा कोण पाहणार, हे साप घरी येण्याआधीच ठरलेले बरे.