कलमाच्या चाकूचं पातं

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागातल्या द्राक्षबागेत वाकून खोडाच्या बुडाशी पाहिलं, तर जमिनीपासून फूट-दीड फुटावर एक गाठ दिसते. गाठीच्या वर थॉम्पसन सीडलेस, तास-ए-गणेश किंवा सोनाका. खाली बहुतेक ठिकाणी डॉगरीज नावाचा खुंट. ज्या घडांवर सांगली जिल्ह्याचं नाव झालं, ते घड एका वेलीचे आणि मुळं भलत्याच वेलीची, तीही टेक्सासात रानोमाळ वाढणाऱ्या व्हायटिस चॅम्पिनी या प्रजातीतली! या दोघींची सोयरीक जुळवतो खिशात मावणारा एक घडीचा चाकू. खुंटात एक उभी फाट आणि काडीला दोन तिरपे काप, एवढंच त्याचं काम.

अमेरिकी मुळांवर द्राक्ष चढवण्याची वेळ पहिल्यांदा आली ती फ्रान्सवर. 1860 नंतर फिलॉक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने तिथल्या बागा मुळापासून खाल्ल्या. टेक्सासच्या डेनिसन गावचे थॉमस मन्सन यांनी टिकाऊ रानवेलींचे खुंट सुचवले आणि पुरवले, त्याबद्दल फ्रेंच सरकारने 1888 मध्ये त्यांचा गौरव केला. आपल्याकडे कारण वेगळं. इथे झगडा दुष्काळाशी, खाऱ्या पाण्याशी आणि क्षारांशी होता, आणि तो डॉगरीजने पेलला. चाकूचं काम मात्र दोन्हीकडे तेच राहिलं.

आता पात्याकडे येऊ. कोणत्याही काडीची साल आणि आतलं लाकूड यांच्यामध्ये कँबियमचा थर असतो. जाडी मोजक्या पेशींची, नुसत्या डोळ्यांना वेगळी दिसणारसुद्धा नाही. खोड जाड होतं ते याच थरामुळे: आतल्या बाजूला तो लाकूड तयार करतो, बाहेरच्या बाजूला साल. कलम जुळतं म्हणजे काडीचा आणि खुंटाचा हा थर एकमेकांना भेटतो. त्या भेटीत फट राहिली की हवा शिरते, कापलेला भाग सुकतो आणि काडी काळी पडते. चाकू निवडताना आपण खरं तर या न दिसणाऱ्या थरासाठी निवड करत असतो, आणि मला यात फार मोठी गंमत वाटते.

म्हणून कलमाच्या चाकूची धार सरळ रेषेत असते, टोकाकडे वर वळलेली नसते. धार वाकडी असली की काप खोलगट येतो. अशा दोन खोलगट कापांची पाचर फाटीत बसवली, तर ती कडांना टेकते आणि मध्ये पोकळी राहते. दुसरी गोष्ट पात्याच्या उताराची. स्वयंपाकघरातल्या सुरीला दोन्ही बाजूंनी उतार असतो. चांगल्या कलमी चाकूला तो एकाच बाजूने असतो, दुसरी बाजू सुताराच्या पटाशीसारखी सपाट. ती सपाट बाजू काडीच्या अंगाला चिकटून सरकते, छिलका उताराच्या बाजूने निघून जातो आणि मागे अगदी सपाट काप उरतो. काडी 8 ते 10 मि.मी. जाडीची, पाचर साधारण दीड इंचाची. हा दीड इंच एकाच ओढीत निघायला हवा. दुसऱ्यांदा तासायला गेलात की लाट उमटते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात कलम भरणाऱ्या कारागिराचा हात जवळून पाहावा. दोन डोळ्यांची काडी डाव्या हातात, चाकूची मूठ उजव्या हातात. बोटं जवळजवळ हलतच नाहीत, सगळी ओढ कोपरातून येते. फाट मारताना मात्र हेच एकतर्फी पातं अडचण करतं. खाली जाताना ते एका कडेला सरकायला बघतं, आणि मनगटाने त्याला मध्यावर धरून ठेवावं लागतं. मग पाचर आत जाते, निदान एका बाजूची साल सालीला जुळवली जाते आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट आवळली जाते.

गुलाबाचे किंवा मोसंबीचे डोळे भरायचे असतील, तर हे सरळ पातं कामाचं नाही. तिथे साल फक्त चिरायची असते, खालच्या लाकडाला ओरखडाही नको. त्यासाठीच्या चाकूची धार पुढे गोलाकार वर वळलेली असते. त्यामुळे एका वेळी धारेचा अगदी छोटा भाग सालीला टेकतो आणि चीर किती खोल जाते ते हाताला कळतं. आडवी एक चीर, तिच्यापासून खाली उभी एक चीर. मग साल अलगद उचलायला चाकूलाच बोथट, चपटी जीभ असते, पितळी किंवा प्लॅस्टिकची. झाडात रस खेळता असेल तेव्हाच साल सुटते. जबरदस्तीने सोलली तर ती फाटते आणि डोळा वाया जातो.

आटपाडी, माण, फलटण हे डाळिंबाचे तालुके. तिथे गुटी बांधताना फांदीवरची दोन-अडीच सेंटीमीटर रुंदीची साल अंगठीसारखी काढतात. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरत असतं. वाट तुटली की ते वरच्या कडेला साठतं, आणि ओलं शेवाळ गुंडाळलं की तिथे मुळं फुटतात. पाणी आतल्या लाकडातून वर चढत राहतं, म्हणून फांदी हिरवीच राहते. इथे कँबियम पुसून टाकायचा असतो. जरासा जरी राहिला, तरी साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. द्राक्षात ज्याला जपायचं, डाळिंबात त्यालाच खरवडायचं! म्हणून गुटीच्या चाकूची पाठ काटकोनी हवी. खरवडायला ती धारेपेक्षा बरी.

चोचीसारखं आत वाकलेलं पातं छाटणीसाठी. ओढताना फांदी त्या वळणात अडकते, निसटत नाही. आपल्याकडे ते काम कात्रीने केव्हाच घेतलंय, तेव्हा त्यावर पैसे घालवू नयेत.

घडी का हवी, तर ही धार उघड्यावर टिकत नाही आणि खिशात उघडा चाकू वागवता येत नाही. बहुतेक कलमी चाकूंना कुलूप नसतं, पाठीतली स्प्रिंग पात्याला धरून ठेवते. कापताना जोर पातं उघडं ठेवण्याच्या दिशेनेच पडतो, म्हणून ते चालतं. टोकाने भोसकायला किंवा पाठीवर दाब द्यायला गेलात, की पातं बोटांवर मिटतं.

पोलाद साधं घ्यावं असं माझं मत. ते चिकाने काळं पडतं, न पुसता ठेवलं तर गंजतं, पण बांधावर बसून दगडावर पटकन धार घेतं. धार लावायची ती फक्त उताराच्या बाजूने. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून एकदोनदा फिरवायची, तीही नुसता काठ साफ करायला. तिला उतार दिलात, की एकतर्फी चाकूची साधी सुरी झाली.

दुकानाची पाटी पाहून चाकू घेऊ नका, पातं उजेडात आडवं धरा. सपाट बाजू खरंच सपाट आहे का, धार टोकापर्यंत सरळ जाते का, आणि उघडलेलं पातं मुठीत डोलत नाही ना, एवढं बघा. आणि तुम्ही डावखुरे असाल, तर उलट्या उताराचा चाकू मागून घ्या. उजव्या हातासाठी घडवलेलं पातं डाव्या हातात धरलं की सपाट बाजू काडीऐवजी छिलक्याकडे येते, आणि मग हात कितीही बसलेला असो, पाचर तिरकी निघते.