डांबरातला तिळाचा लाडू

बालमित्रांनो, रस्त्याचं काम चाललेलं असताना तुम्ही कधी थांबून पाहिलंय का? तापलेलं काळंकुट्ट डांबर, त्यात कालवलेली खडी आणि मागून डुलत येणारा रोलर! हे डांबर येतं खनिज तेलातून. पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जो दाट भाग उरतो, त्याचंच हे डांबर. त्याला काळेपणा आणि घट्टपणा देणाऱ्या घटकाचं नाव आहे अस्फाल्टीन. हे नाव १८३७ साली बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ठेवलं.

अस्फाल्टीन ओळखायचं कसं? ते हेप्टेन या द्रवात विरघळत नाही, टोल्युइनमध्ये मात्र विरघळतं. म्हणजे हा एकच एक पदार्थ नव्हे बरं का! ते रेणूंचं मोठं कुटुंबच आहे. त्यात मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. शिवाय थोडं गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि अगदी चिमूटभर व्हॅनेडियम आणि निकेल.

पण यातला एक रेणू असतो केवढा? इथेच शास्त्रज्ञांचं जुंपलं! हायड्रोजनच्या अणूपेक्षा तो काही शे पट जड, असं कोणी म्हणे. कोणी म्हणे हजारो पट, तर कोणी लाखो पट! कित्येक दशकं हा वाद चालला. घोळ कुठे होता? हे रेणू एकमेकांना चिकटून बसतात. तिळाचा लाडू तराजूत टाकायचा आणि हेच एका तिळाचं वजन म्हणायचं, तसं झालं! एकेकटा रेणू तोलल्यावर कळलं, की तो साधारण साडेसातशे पटच जड असतो.

मग २०१५ साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत एकेका रेणूचं चित्रच टिपलं गेलं. उणे २६८ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत एक अतिसूक्ष्म सुई रेणूवरून फिरवली. तिच्या टोकाला होता कार्बन मोनॉक्साइडचा एकच रेणू! दिसलं काय? मधोमध कार्बनची चपटी कडी एकमेकींना जोडलेली आणि कडेला शेपट्या. कपाटातली डांबरगोळी माहीत आहे ना? तिच्या रेणूत अशी दोन कडी असतात. अस्फाल्टीनमध्ये साधारण सात. शंभरावर रेणू पाहिले, पण एकासारखा दुसरा क्वचितच!

एवढा खटाटोप कशासाठी? जमिनीखालून तेल वर येताना दाब कमी होतो आणि अस्फाल्टीन वेगळं होऊन नळांत साचतं. कधी कधी अख्खी विहीर तुंबते! ते का चिकटतं, हे कळलं तरच त्यावर उपाय करता येतो.

तेव्हा दोस्तांनो, मोजमाप चुकतंय असं वाटलं, तर आधी स्वतःला विचारा: मी तीळ तोलतोय, की लाडू?