समजून घ्या : गाडीचा बेल्ट चेनसारखा का कसू नये?

अमरावतीहून अकोल्याला दुचाकीने निघालात आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे चेन तुटली, तर फार मोठे संकट नसते. रस्त्याकडेचा मिस्त्री तुटकी कडी काढतो, लॉक बसवतो आणि गाडी मार्गी लागते. बेल्ट तुटला तर हे जमत नाही. बेल्ट अखंड असतो, त्याला कडी नसते. त्याच मॉडेलचा बेल्ट मिळेपर्यंत गाडी टेम्पोत टाकावी लागते. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. रस्ता असा सरळ, वेगाचा. तिथे मागच्या चाकाची ताकद अचानक गेली तर मागून येणारा ट्रकही विचारात घ्यावा लागतो.

बेल्ट पूर्वी हार्ले-डेव्हिडसनसारख्या महागड्या गाड्यांपुरता होता. आता रिव्होल्ट आरव्ही४००, एथर ४५० अशा विजेवरच्या दुचाकींमुळे तो गल्लीत आला. सगळ्याच कंपन्या बेल्टवर आहेत असे नाही. ओलाने २०२५ मध्ये आणलेल्या तिसऱ्या पिढीच्या एस१ स्कूटरना चेन दिली. त्यामुळे आपल्या गाडीला काय आहे, हे आधी पाहा.

आधी रेषा, मग ताण

वऱ्हाडात पट्टा काही नवा नाही. जिनिंगमध्ये, पिठाच्या गिरणीत तो पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे. पण गिरणीच्या जुन्या सपाट पट्ट्याची पुली मधोमध किंचित फुगीर असते, त्यामुळे पट्टा आपोआप मध्यावर येतो. दुचाकीच्या बेल्टला दात असतात आणि पुली सपाट असते. रेषा चुकली की तो एका कडेला सरकतो आणि पुलीच्या काठावर घासत राहतो. कडेचे धागे उसवू लागले की बेल्टचे दिवस भरले.

चूक किती छोटी असते, याचा हिशेब करून पाहा. मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या ॲडजस्टरमध्ये २० सेंटिमीटर अंतर धरू. एका बाजूला चाक फक्त १ मिलिमीटर जास्त मागे गेले, तर अर्ध्या मीटरवरच्या पुढच्या पुलीपाशी रेषा अडीच मिलिमीटर चुकते. चेन थोडेफार सोसते, बेल्ट सोसत नाही.

म्हणून चिमट्यावरच्या, म्हणजे स्विंगआर्मवरच्या, खुणांवर पूर्ण विसंबू नये. चिमटा ज्या बोल्टवर हलतो त्याच्या मध्यापासून चाकाच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. ते सारखे आले की मागच्या पुलीच्या सपाट बाजूला सरळ पट्टी टेकवून ती पुढच्या पुलीकडे कशी जाते ते पाहावे. शेवटी गाडी स्टँडवर घेऊन चाक हाताने आठ-दहा फेरे पुढे फिरवावे. बेल्ट एकाच काठाला चिकटत असेल, तर ॲडजस्टर एका वेळी चौथाई फेराच फिरवावा.

इथे एक धोका. विजेची गाडी चालू असली तरी आवाज करत नाही. किल्ली बंद, आणि चाक फक्त हाताने फिरवायचे. बेल्ट आणि पुलीच्या फटीत गेलेले बोट सहज परत येत नाही.

किती घट्ट?

बोटाने दाबून ‘बरोबर आहे’ म्हणण्याची सवय चेनमुळे लागली. बेल्टसाठी खालच्या पदराच्या मध्यावर ठरावीक जोर देऊन तो किती मिलिमीटर हलतो, ते मोजतात. अनेक हार्लेंसाठी हा जोर १० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो असतो. साधा ताणकाटा त्याला पुरतो. तुमच्या गाडीचा आकडा मात्र तिच्याच पुस्तिकेतून घ्या. गाडी रिकामी हवी की कुणी बसलेले, हेही तिथे दिलेले असते. कारण दोघे बसून मागचा भाग खाली गेला की बहुतेक गाड्यांत बेल्ट आणखी ताणला जातो. स्टँडवर तारेसारखा कसलेला बेल्ट मग बेअरिंग खातो. सैल राहिला तर जोरात रेस देताच दात उडी मारतो.

गाडी थंड असतानाच ताण मोजावा. चाक फिरवत तीन-चार जागी तपासावे आणि जिथे बेल्ट सर्वांत घट्ट लागतो तिथला आकडा धरावा. ॲक्सलचा नट टॉर्क पान्याने कसल्यावर पुन्हा एकदा मोजावे, कारण नट कसताना चाक हमखास सरकते.

नवा बेल्ट बसवताना

बेल्टच्या आत ताण झेलणारे बळकट धागे असतात. बेल्ट उलटा वळवला, दुमडला किंवा टायर लिव्हरने पुलीवर चढवला तर ते आतच मोडतात. वरून काही दिसत नाही. बेल्ट महिन्याभराने तुटतो आणि दोष कंपनीला मिळतो. चाक पूर्ण पुढे ढकलून बेल्ट हातानेच बसला पाहिजे. काही गाड्यांत त्यासाठी चिमटा उतरवावा लागतो. ते काम सर्व्हिस सेंटरचेच. जुन्या पुलीचे दात आकड्यासारखे झिजले असतील तर नुसता नवा बेल्ट घालणे म्हणजे पैसे पाण्यात.

तेल, ग्रीस काहीही लावायचे नाही. आपल्याकडची काळी माती पावसात चिकटते, वाळली की दगड होते. ती पाण्याने आणि मऊ ब्रशने काढावी. दातांत अडकलेला खडा बेल्टला भोक पाडतो. कडेला भोक असेल किंवा दात गेला असेल, तर बेल्ट बदला.

पेट्रोलच्या गिअरलेस स्कूटरमधला व्ही-बेल्ट वेगळा. त्याची रेषा बहुतेक केसिंगच ठरवते. तिथली नेहमीची चूक दुसरीच : पुढच्या पुलीच्या दोन थाळ्यांमध्ये बेल्ट चिमटला असतानाच नट कसला जातो. नट घट्ट लागतो, पण गाडी धावताच बेल्ट वर सरकतो आणि नट ढिला पडतो. त्यासाठी मागच्या पुलीच्या थाळ्या दाबून उघडाव्यात, बेल्ट त्यांत खोल ढकलावा आणि पुढे ढील मिळाल्यावरच नट कसावा. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवावा.