स्विचांमधील शेजार-शोध : तत्त्व आणि विन्यास

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा योजिली असून केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. तिच्या काटकोनातील दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या आहेत. तांब्याच्या ईथरनेट तारेची मर्यादा सामान्यतः १०० मीटर असल्यामुळे एवढ्या अंतरासाठी प्रकाशतंतूंचाच अवलंब करावा लागतो. अशा विस्तीर्ण जालात कोणते पोर्ट कोठे जोडले आहे, हे केवळ नकाशावरून ठरविणे धोक्याचे होय. कारण दुरुस्तीत जोडणी बदलते, नकाशा मात्र जुनाच राहतो.

ही उणीव 'एलएलडीपी' हा प्रोटोकॉल भरून काढतो. ८०२.१एबी या क्रमांकाने तो २००५ मध्ये प्रमाणभूत झाला. त्यानुसार प्रत्येक स्विच ठराविक काळाने एक लहानसा संदेश पाठवितो. स्विचची ओळख, पोर्टची ओळख आणि माहितीची आयुर्मर्यादा या तीन बाबी त्यात अनिवार्य असतात. संदेश राखीव पत्त्यावर जातो व प्रमाणास अनुसरणारा स्विच तो पुढे धाडीत नाही. म्हणून ज्याचा संदेश पोहोचला, तो निकटचा शेजारी ठरतो. संदेश सामान्यतः दर ३० सेकंदांनी निघतो आणि आयुर्मर्यादा त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे १२० सेकंद असते. तेवढ्या अवधीत नवा संदेश न आल्यास नोंद पुसली जाते.

विन्यास करताना प्रथम संपूर्ण स्विचवर प्रोटोकॉल सुरू करावा; नंतर प्रत्येक पोर्टवर प्रेषण व ग्रहण यांचा स्वतंत्र निर्णय घ्यावा. हे दळणवळण एकमार्गी असून त्यात पोच नसते. यास्तव दोन्ही टोकांच्या शेजार-सारण्या ताडून पाहणे अगत्याचे आहे. 'अ'ला 'ब' दिसतो, परंतु 'ब'ला 'अ' दिसत नाही, असे आढळल्यास एका तंतूतील बिघाड किंवा पोर्टचा चुकीचा विन्यास यांचा संशय घ्यावा.

मात्र प्रेषकाची सत्यता पडताळण्याची सोय मूळ प्रोटोकॉलमध्ये नाही. शिवाय संदेशात स्विचचे नाव, सॉफ्टवेअरचे वर्णन व व्यवस्थापनाचा पत्ताही असू शकतो. म्हणून बाहेरच्या जालाकडे जाणाऱ्या पोर्टांवर तो बंद ठेवणेच इष्ट. सारांश, शेजार-सारणी ही साक्ष आहे, निर्णायक पुरावा नव्हे; नकाशा व सारणी यांत विसंगती दिसेल तेथे प्रत्यक्ष तार पाहूनच निर्णय करावा.