गल्ला सोडून उठणारा मालक

शहराचा इतिहास लिहिला जातो तेव्हा राजे, गिरणीमालक आणि पुढारी यांना त्यात मानाचे पान मिळते. त्या शहराला रोज जेवू घालणाऱ्याला मात्र तळटीपही लाभत नाही. नागपूरचेच पाहावे. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातील झणझणीत रस्सा खानावळीत आला आणि ‘सावजी’ हा शब्द या शहराची ओळख होऊन बसला. पण त्या पहिल्या चुलींपाशी बसलेल्या स्त्रीपुरुषांची नावे आज किती नागपूरकरांना सांगता येतील? अन्नदात्याच्या वाट्याला येणाऱ्या या विस्मृतीला मुंबईत एक ठळक अपवाद घडला. २५ सप्टेंबर २०१९ रोजी बोमन कोहिनूर वयाच्या ९७ व्या वर्षी निवर्तले, तेव्हा एका इराणी उपाहारगृहाच्या या मालकाची आठवण देशातीलच नव्हे, तर परदेशातील वृत्तपत्रांनीही काढली.

बोमन यांचे वडील रशीद कोहिनूर इराणमधून मुंबईस आले आणि १९२३ साली त्यांनी बॅलार्ड इस्टेटमध्ये ‘ब्रिटानिया’ची स्थापना केली. गोदीलगतचा हा भाग म्हणजे जहाज कंपन्यांच्या कचेऱ्यांचा. साहेबाच्या राज्यात परवाना लवकर मिळावा म्हणून हे नाव ठेवल्याची हकीकत बोमन सांगत असत. दैवाचा विनोद असा की, दुसऱ्या महायुद्धात त्याच साहेबाच्या लष्कराने ही जागा आपल्या कार्यालयासाठी ताब्यात घेतली. राज्यकर्त्यांना खूश करणाऱ्या पाटीने राज्यकर्त्यांपासून संरक्षण मिळतेच असे नाही!

स्वातंत्र्यानंतर गोरा साहेब गेला, गिऱ्हाईक बदलले. टिकायचे तर पानावरचे पदार्थही बदलणे भाग होते. बोमन यांच्या पत्नी बचन यांनी इराणची आंबटगोड सुकी फळे घातलेला बेरी पुलाव येथे रुजवला आणि तोच पुढे ‘ब्रिटानिया’चा मानबिंदू ठरला. पण लोक केवळ पुलावासाठी येत होते काय? नव्वदी उलटलेला मालक गल्ला सोडून टेबलाटेबलाशी जातो, पाहुण्याची विचारपूस करतो, मुंबईच्या उकाड्यावर लिंबू सोडा घेण्याचा सल्ला देतो आणि थरथरत्या हाताने मागणी स्वतः टिपून घेतो, हे दृश्य पैसे मोजून मिळणारे नव्हते. कचेरीतला कारकून असो की परदेशी प्रवासी, त्या दोन घटका तो कोणाचा तरी पाहुणा होत असे.

बोमन यांचे ब्रिटिश राजघराण्यावरील प्रेम प्रसिद्ध होते. राजवाड्यातून आलेले पत्र ते गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवीत. एप्रिल २०१६ मध्ये राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईस आले असता त्यांची भेट घडली, तेव्हा या वृद्धाला धन्यता वाटली. पारतंत्र्याच्या खुणा पुसू पाहणाऱ्या देशात ही भक्ती अनेकांना खटकावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याच भिंतीवर राणीच्या तसबिरीसोबत गांधीजींचीही तसबीर होती, हे विसरता येणार नाही. राजनिष्ठेचा हा भाबडा छंद कोणाला जाच करीत नव्हता. आणि माणसाची परीक्षा त्याच्या भिंतीवरील तसबिरींपेक्षा दाराशी आलेल्याला तो कसे वागवतो यावरच व्हावयास हवी.

कोहिनूर कुटुंबाच्या पुढील पिढीने ‘ब्रिटानिया’ चालू ठेवले. मुंबईतील बहुतेक इराणी हॉटेले मात्र एकामागून एक मिटली. जागांच्या वाढत्या किमती आणि मुलांनी निवडलेले निराळे व्यवसाय ही त्याची कारणे सर्वज्ञात आहेत. आज मोबाइलवर बोट टेकवले की जेवण दारात येते. ते कोणी रांधले, हे खाणाऱ्याला ठाऊक नसते आणि ते कोणी खाल्ले, हे रांधणाऱ्याला. सोय वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नेहमीच्या गिऱ्हाइकाला नावाने ओळखणारा, कोणाला रश्शावर तर्री किती लागते हे न विचारता जाणणारा मालक या व्यवहारातून वजा झाला, तर शहरात पोट भरण्याची व्यवस्था तेवढी उरेल. आपुलकी उरणार नाही. असे मालक नागपुरातही अद्याप आहेत. त्यांची नावे मृत्युलेखात वाचण्याची वेळ येण्यापूर्वीच आपण ती विचारून घेतलेली बरी.