सगळ्या वॉर्डाचं बीपी १२०/८० कसं?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली वॉर्डात पोस्टिंगला आल्या की सुरुवातीला चार्टवर एक चमत्कार दिसतो. निम्म्या पेशंटचं बीपी १२०/८०! मी ट्यूटर असल्यामुळे मला आनंद होत नाही, संशय येतो. पोरीने पट्टा बांधलेला असतो, हवाही भरलेली असते, पण कानात काही ऐकूच आलेलं नसतं. विचारायची भीती वाटते, म्हणून पुस्तकातला आकडा लिहून ती मोकळी होते.

याला सर्रास कामचुकारपणा म्हणतात. मला ते पटत नाही. बऱ्याचदा हीच मुलगी वर्गात हुशार असते. बीपी मोजताना स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारे, रशियन डॉक्टर कोरोटकॉफने १९०५ मध्ये वर्णन केलेले ते आवाज ती पेपरात पाचही टप्प्यांसह लिहील. पण कोपराच्या आतल्या बाजूला नाडी नेमकी कुठे लागते, हे बोटांना अजून कळलेलं नसतं. पट्टा सैल असतो, हवा भसकन सुटते आणि शेजारच्या खाटेवर कुणीतरी फोनवर ओरडत असतं. त्यात अनेकींची शाळा मराठी माध्यमाची आणि पुस्तकं इंग्रजी. मी वॉर्डात सरळ मराठीत समजावते. परीक्षेचं इंग्रजी नंतर बघू.

‘हे मला जमेल’ हा विश्वास कुठून येतो, याच्या चार वाटा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडल्या. स्वतः करून जमणं, आपल्यासारख्याच कुणाला जमताना पाहणं, भरवशाच्या माणसाने धीर देणं आणि त्या वेळची मनाची-शरीराची अवस्था. यातली पहिली सगळ्यांत दमदार. पेशंटसमोर “एवढंही येत नाही?” म्हणून झापलं, की तिसरी बंद होते आणि चौथीही बिघडते. हात थरथरतो, थरथरला म्हणजे आपल्याला येत नाही, असं ती धरून चालते.

माझ्याकडे दोघांना एकदम ऐकता येईल असा स्टेथोस्कोप आहे. एका मुलीला मी तोच लावला. हवा हळूहळू सोडायला लावली. “मॅडम, लागला!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली की पेशंट आजोबा दचकले. आकडा आला १४६/९२. “एवढं जास्त लिहू?” मी म्हटलं, ऐकलंस ना, मग लिही. दुसऱ्या दिवशी ती त्याच आजोबांची फाइल आपणहून वाचत होती. गोळी कोणती, मीठ का कमी केलंय, असे प्रश्न एकामागून एक. आधी गोडी लागते, मग काम जमतं, असं आपण समजतो. वॉर्डात मी बहुधा उलटंच पाहते.

उठसूट शाबासकीही नको. स्वतः न ऐकता मी “छान” म्हटलं, तर उद्या ती चुकीच्या आकड्यावर ठाम राहील. तो आत्मविश्वास पेशंटला महागात पडतो.

तुमच्या घरचं कुणी दवाखान्यात असेल आणि शिकाऊ मुलगी “काका, परत एकदा बघू का?” म्हणाली, तर कुरकुर न करता हात पुढे करा. खरा आकडा लिहायचाय, म्हणूनच ती विचारतेय. सुई टोचायची असेल, तर मात्र सोबत सिनियर सिस्टर आहेत का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.