साडेतीन किलोमीटरची राखण

पाकिस्तानला लागून असलेली सुमारे २,२९० किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सीमा आणि बांगलादेशाची ४,०९७ किलोमीटरची सीमा, या दोन्हींची राखण सीमा सुरक्षा दल म्हणजे बीएसएफ करते. १९६५पर्यंत हे काम त्या त्या राज्याच्या सशस्त्र पोलिसांकडे होते. त्या वर्षी ९ एप्रिलला पाकिस्तानी सैन्याने कच्छमधील सरदार पोस्ट, छाड बेट आणि बेरिया बेट या चौक्यांवर हल्ला चढवला आणि पोलिसी बंदोबस्ताची मर्यादा उघडी पडली. त्यातून १ डिसेंबर १९६५ रोजी २५ बटालियन घेऊन हे दल उभे राहिले. त्याचे पहिले महासंचालक खुस्रो फरामर्झ रुस्तमजी. त्यांचा जन्म नागपूरजवळच्या कामठीचा. आज बटालियन १९३ आहेत आणि मनुष्यबळ अडीच लाखांच्या वर आहे.

दल गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, संरक्षण मंत्रालयाच्या नाही. काश्मीरमधील नियंत्रण रेषेवर मात्र त्याच्या तुकड्या लष्कराच्या हुकमतीखाली काम करतात. कारगिल युद्धानंतर ‘एक सीमा, एक दल’ हे धोरण ठरले. त्यानुसार चीनची सीमा इंडो-तिबेट सीमा पोलीस, नेपाळ आणि भूतानची सशस्त्र सीमा बल आणि म्यानमारची आसाम रायफल्स पाहते.

दिल्लीच्या मुख्यालयाखाली दोन कमांड आहेत, पश्चिमेसाठी चंडीगड आणि पूर्वेसाठी कोलकाता. कमांडखाली फ्रंटियर, फ्रंटियरखाली सेक्टर, सेक्टरखाली बटालियन आणि बटालियनमध्ये सात कंपन्या. हुद्दे मात्र पोलिसांच्या वळणाचे आहेत. फ्रंटियरचा प्रमुख महानिरीक्षक, सेक्टरचा उपमहानिरीक्षक आणि बटालियनचा कमांडंट.

या सगळ्या उतरंडीचे शेवटचे टोक म्हणजे सीमा चौकी, जवानांच्या बोलण्यातली बीओपी. भोवती मातीचा बांध, आत बराकी, लंगर, शस्त्रागार, वायरलेस आणि एक उंच निरीक्षण मनोरा. दोन चौक्यांमधले अंतर साडेतीन किलोमीटरपर्यंत आणावे, असे गृह मंत्रालयाचे उद्दिष्ट आहे, आणि दलाची सारी मांडणी या एका आकड्यावरून समजते. दोन चौक्यांच्या बरोबर मध्ये कुणी कुंपणाला हात घातला, तर मदत पावणेदोन किलोमीटरवरून यायची असते. रायफल आणि काडतुसे घेऊन धावणाऱ्या जवानाला त्यासाठी दहा मिनिटे तरी लागतात. कुंपणालगतच्या रस्त्यावरून गाडी नेली तर तीन-चार. म्हणून मधल्या पट्ट्यात रात्रभर नाके लावले जातात. दोन-तीन जवान ठरलेल्या जागी दबा धरून बसतात, आणि रोज जागा बदलतात.

कुंपणाचे कामही याच हिशेबात बसते. पंजाबात १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते उभारायला सुरुवात झाली. लोखंडी खांबांच्या दोन रांगा, त्यांवर काटेरी तारा, मधल्या जागेत धारदार पात्यांच्या तारेची वेटोळी आणि वरून रात्रभर पेटते दिवे. हे दिवे इतके ठळक आहेत की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून घेतलेल्या छायाचित्रांत सीमा नारिंगी रेघेसारखी दिसते. तरी पक्कड आणि शिडी घेऊन आलेल्या माणसाला कुंपण कायमचे अडवू शकत नाही, फक्त खोळंबवते. हा खोळंबा जवानाला पोहोचायला लागणाऱ्या वेळापेक्षा जास्त असेल, तरच कुंपणाचा उपयोग.

पंजाबात कुंपण शून्य रेषेच्या, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेच्या, अलीकडे असल्याने भारतीय शेतकऱ्यांची बरीच जमीन त्याच्या पलीकडे राहिली आहे. ठरलेल्या वेळी फाटके उघडतात, ओळखपत्र पाहून आणि झडती घेऊन शेतकऱ्यांना सोडले जाते. शेतकरी महिलांची झडती घेता यावी म्हणून २००९पासून इथे महिला जवान तैनात झाल्या. सीमेच्या राखणीची किंमत हे शेतकरी रोज मोजतात, आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते.

घुसखोराची चाहूल जितकी लवकर लागेल तितका वेळ हाती राहतो. त्यासाठी सर्वांत जुनी पद्धत पावलांच्या खुणांची. कुंपणालगतचा मातीचा पट्टा ओढून सपाट केला जातो आणि पहाटे त्यावरचे ठसे तपासले जातात. याला दलात ‘खुरा’ तपासणे म्हणतात. ठशाची खोली, टाचेचा दाब, दोन पावलांतले अंतर यांवरून माणूस ओझे घेऊन गेला की रिकामा, उलट्या पावलांनी चालला की सरळ, हे जाणकार सांगतो.

रात्री उपयोगी पडतो तो उष्णताचित्रक, म्हणजे थर्मल इमेजर. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण सोडते. माणसाच्या त्वचेचे तापमान ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तिच्यातून सर्वाधिक प्रारण साडेनऊ मायक्रॉन तरंगलांबीच्या जवळपास निघते. ८ ते १४ मायक्रॉनच्या किरणांना हवा फारशी शोषत नाही, म्हणून अंधारातही दूरचा माणूस पडद्यावर उजळ दिसतो. चांदण्याचा प्रकाश वाढवून दाखवणारी रात्रदर्शक दुर्बीण याहून वेगळी. तिला थोडा तरी उजेड लागतो. पण उष्णताचित्रकही फसतो. उन्हाळ्यात संध्याकाळी थारची वाळू निवत निवत शरीराच्या तापमानापाशी येते, तेव्हा माणूस आणि जमीन यांतला फरक पुसट होतो. जम्मू-पंजाबच्या हिवाळी धुक्यातले थेंब साधारण याच तरंगलांबीच्या आकाराचे असल्याने किरण विखुरतात.

धुक्यातून आरपार जातात त्या रडारच्या सेंटीमीटरभर लांबीच्या लहरी. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले रणभूमी टेहळणी रडार डॉप्लर परिणामावर चालते. १० गिगाहर्ट्झची लहर धरली, तर सेकंदाला दीड मीटर वेगाने रडारकडे चालत येणाऱ्या माणसावरून परतताना तिची वारंवारता सुमारे १०० हर्ट्झने वाढते. दहा अब्जांत शंभर! एवढा सूक्ष्म बदल टिपून यंत्र हलणारा माणूस आणि स्थिर झुडूप वेगळे करते.

तिसरा उपाय जमिनीखालचा. पुरलेल्या प्रकाशतंतूत लेसरचे स्पंद सोडतात. काचेतल्या सूक्ष्म विषमतेमुळे थोडा प्रकाश सतत मागे येत असतो. वर पाऊल पडले की तंतू कंपतो आणि तो परतीचा प्रकाश बदलतो. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे बदल दहा मायक्रोसेकंदांनी परतला तर पाऊल एक किलोमीटरवर पडले. अडचण इतकीच की नीलगाय आणि रानडुक्करही पावलेच टाकतात. एकाच साधनावर विसंबले तर खोट्या सूचनांनी जवान थकतात.

म्हणून सगळी साधने एका नियंत्रण कक्षाला जोडणारी सर्वंकष व्यवस्था आखली गेली. सप्टेंबर २०१८मध्ये जम्मूत तिचे दोन पथदर्शी प्रकल्प सुरू झाले. मार्च २०१९मध्ये आसामात धुबरीला ६१ किलोमीटरचा नदीकाठचा पट्टा तिच्याखाली आला. इथे ब्रह्मपुत्रा दर पावसाळ्यात पात्र बदलते. खांब रोवायचे कुठे, हाच प्रश्न. बांगलादेश सीमेवर सुमारे ३,२३२ किलोमीटर कुंपण झाले असून उरलेल्या लांबीपैकी १७४ किलोमीटरवर ते शक्यच नाही. सुंदरबनात आणि कच्छच्या खाड्यांत चौक्याच तरत्या आहेत: मोठ्या बोटीवर तुकडी राहते आणि लहान वेगवान होड्या गस्तीला सुटतात.

यंत्रांच्या जोडीला प्राणी आहेत. थारमध्ये उंटावरून गस्त होते. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे आता परदेशी जातींबरोबर रामपूर हाउंड आणि मुधोळ हाउंडही तयार होतात. मुधोळ हे घोरपड्यांचे जुने संस्थान. तिथली काटक शिकारी कुत्री पश्चिम महाराष्ट्रात कारवान म्हणून ओळखली जातात. २०२४च्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये दलाची मुधोळ कुत्री रिया माग काढण्यात अव्वल ठरली. पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात ३२व्या बटालियनने २०२३मध्ये कुंपणावर मधमाश्यांच्या पेट्या बसवल्या. तार कापायला गेले की माश्या उठतात, आणि आसपासच्या गावकऱ्यांना मधाचे उत्पन्न मिळते. कमी खर्चात सुचलेली इतकी नेमकी युक्ती क्वचितच आढळते.

शस्त्रे सीमेनुसार बदलतात. पश्चिमेला इन्सास रायफल, एक्स-९५, मशीनगन आणि ८१ मिलिमीटर मॉर्टर. शिवाय दलाचा स्वतःचा तोफखाना, जो अन्य कोणत्याही केंद्रीय सशस्त्र पोलीस दलाकडे नाही. बांगलादेश सीमेवर मात्र छर्‍यांच्या पंप-ॲक्शन बंदुका अधिक दिसतात. तस्करीच्या पायी शेजारी देशाचा गावकरी जिवानिशी जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. अनेक सीमावर्ती राज्यांत सीमेपासून आत ५० किलोमीटरपर्यंत दलाला झडती, जप्ती आणि अटकेचे अधिकार आहेत. खटल्यासाठी पकडलेला माणूस आणि माल पोलीस किंवा संबंधित यंत्रणेच्या हवाली करावा लागतो.

गेल्या काही वर्षांत कुंपणाचा हिशेबच बदलला तो ड्रोनमुळे. अर्धा किलो हेरॉइन उचलणारे छोटे ड्रोन काही मिनिटांत सीमा ओलांडून पुडके टाकते आणि परत फिरते. प्लास्टिकचा तो लहानसा सांगाडा उष्णताही कमी सोडतो आणि रडार-लहरीही कमी परतवतो, त्यामुळे अनेकदा जवानाला आधी त्याचा आवाजच ऐकू येतो. रेडिओ संदेश आणि उपग्रह-दिशादर्शन जाम करणारी यंत्रे आता पंजाबात बसवली आहेत. २०२४मध्ये एकट्या पंजाब सीमेवर २९४ ड्रोन हाती लागले. त्यांच्या स्मृतिचिप वाचून उड्डाण कुठून झाले हे शोधण्यासाठी दलाने स्वतःची न्यायवैद्यक प्रयोगशाळा उभारली असून टेकनपूरला ड्रोनयुद्धाचे स्वतंत्र प्रशिक्षण २०२५पासून सुरू झाले आहे.